आप्पांच्या जीपचं मीटर : प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून वही. गाडी आठवड्यातून दोनदा खोटं बोलते आणि वायरिंगवाल्या चाचांच्या दारात नेली की एकदम शहाण्यासारखी वागते. त्यांच्यासमोर मी आतापर्यंत तीनदा तोंडघशी पडलोय. "मास्तर, करते तेव्हा आणा," म्हणतात. करते तेव्हा मी नेमका गुहागर रस्त्यावर असतो.

गाडी १९९९ ची, डिझेल. त्या आकाराच्या सगळ्या गाड्यांना आमच्याकडे जीपच म्हणतात, म्हणून जीप. आप्पांनी नवी घेतली, चिपळूणच्या अंगणातच म्हातारी झाली. कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. स्पीडोमीटर केबलवर फिरतो; डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा विजेवर; बाकी दिवे. नोव्हेंबरात आरसीचं नूतनीकरण आहे (आधी १५ वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी), त्याआधी हे मार्गी लावायचंय.

कालची गोष्ट. गुहागरहून परतताना दिवेलागणीला टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी कडेला घेतली. बोनेट उघडलं, तर रेडिएटरची वरची नळी रोजच्याइतकीच गरम, पाणी शांत. परत येऊन बघतो तर डिझेलचा काटाही फुलवर. सकाळी अर्धी टाकी होती. वाटेत गाडीने स्वतःच डिझेल गाळलं नसेल, तर दोन्ही काटे थापा मारतायत.

आणि जुलैत बरोबर उलटं झालं होतं. दोन्ही काटे तळाला, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. तेव्हा आप्पांनी मीटरच्या डोक्यावर तळहाताने एक थाप मारली आणि सगळं जागेवर आलं. काल त्यांनी तशाच चार थापा मारल्या. काही उपयोग नाही.

एवढं नक्की की दोन काटे एकाच क्षणी बिघडतात, म्हणजे टाकीतला फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता) किंवा इंजिनावरचा सेंडर (पाण्याचं तापमान मोजून काट्याला कळवणारा) निर्दोष. दोघे एकाच वेळी आजारी पडायचे नाहीत. दोष दोघांच्या सामाईक वाटेवर.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन उरकून फ्यूज बॉक्स. मीटरचा १० अँपिअरचा लाल फ्यूज काढला, पाय घासले, नवा घातला. काही फरक नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

चाचांकडे. त्यांचा संशय मीटरमागच्या डबीवर. ही आगपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी बॅटरीचे १२-१४ व्होल्ट घेते आणि काट्यांना सरासरी १० च्या आसपास देते. आत एक द्विधातूची (दोन धातू एकमेकांना चिकटवलेली) पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. तार तापते, पट्टी वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो. असं सतत चालू-बंद. काटेही त्याच जातीचे, तापणाऱ्या पट्टीवर चालणारे, म्हणून ते धक्का न खाता सावकाश हलतात. चावी बंद केल्यावर काटा दमल्यासारखा हळूहळू खाली येतो तो त्यामुळेच.

नवी डबी बसवली. येताना दोन्ही काटे अगदी सज्जन.

२४ ऑगस्ट, शनिवार

रोग रेड्याला, औषध पखालीला. रात्री साडेआठला मार्कंडीतून घरी येताना काटे पुन्हा वर.

पण आज एक नवं दिसलं. वळायला उजवा इंडिकेटर दिला, तर त्याच्या हिरव्या बाणाबरोबर वरच्या कोपऱ्यातला निळा दिवाही मिणमिणायला लागला. निळा दिवा म्हणजे डिपरचा, हेडलाईट वरच्या झोतावर असताना लागणारा. हेडलाईट खालच्या झोतावर होते. तरी हिरवा टिक, निळा टिक, हिरवा टिक, निळा टिक. निळा इतका मंद की दिवसा दिसलाच नसता. मुलगी म्हणाली, "बाबा, दिवाळी."

चाचांना फोन. ते जेवत होते. एवढंच म्हणाले, "अर्थ खातोय. उद्या बघू." अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची वाट. उद्या त्यांचा पुतण्या मुंबईहून येणार होता, ते राहिलं.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळी चावी फिरवली तर मीटर मेलेलं. बॅटरीचा लाल दिवा नाही, ऑईलचा नाही, काटे तळाला. सेल्फ मारला, इंजिन मुकाट सुरू झालं. पंधरा मिनिटांनी बाजारात उभी केली, परत सेल्फ मारला तर कण्हत कण्हत फिरला.

घरी येऊन इंजिन चालू ठेवून बॅटरीला मल्टिमीटर लावला. १२.२. चार्जिंग होत असेल तर १४ च्या आसपास दिसायला हवेत. म्हणजे डायनॅमोही गेला? खर्च डोळ्यांपुढे नाचला. इतक्यात आप्पांनी मीटरवर थाप मारली, दिवे लागले, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि मल्टिमीटर टुणकन १४.१ वर.

डायनॅमो ठणठणीत आहे. तो बॅटरीचा लाल दिवा नुसता दाखवायला नसतो. सुरुवातीला डायनॅमोला जागं करणारा थोडासा करंट त्याच दिव्यातून जातो. मीटर मेलं, दिवा लागला नाही, डायनॅमो झोपूनच राहिला. मीटरच्या बिघाडाने बॅटरी उतरते हे मला गाडीच्या पंचविसाव्या वर्षी कळतंय.

आणखी एक. मीटर मेलेलं असताना इंजिन बंद पडत नाही. डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) करंट चावीतूनच जातो, म्हणजे चावीचा स्विच जागेवर आहे. स्पीडोमीटरचा काटाही हलतो, पण तो केबलवरचा. त्याची साक्ष विजेच्या खटल्यात कामाची नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गणपती आणले. वाटेत मीटर दोनदा गेलं, दोनदा आलं. मूर्ती मांडीवर होती, म्हणून कोणी थाप मारली नाही. पुढचा आठवडा वहीला सुट्टी.

१४ सप्टेंबर, शनिवार

पाहुणे गेले. दुपारी वही पहिल्यापासून वाचली आणि स्वतःचीच कीव आली.

काटे वर गेल्याच्या नोंदी पाच. पाचही वेळा गाडीचे बाहेरचे दिवे लागलेले होते. काटे तळाला जाऊन सगळं विझल्याच्या नोंदी सात. त्यांत दिव्यांचा काही संबंध नाही, पण सहा वेळा खराब रस्ता किंवा सकाळचा पहिला सेल्फ. थाप लागू पडली ती फक्त विझण्याच्या वेळी. वर चढलेल्या काट्याला थापेने आजवर एकदाही फरक पडलेला नाही.

म्हणजे बिघाड एक नाही, दोन आहेत. मी महिनाभर दोघांना एकाच नावाने हाक मारत होतो. "मीटर बिघडलं" एवढंच म्हणत राहिलो, कधी कसं ते विचारलंच नाही.

पहिला: काटे चढतात, निळा दिवा मिणमिणतो. मीटरच्या अर्थचा दोष. दिव्यांचा करंट खाली जायला नीट वाट मिळत नाही, मग तो निळ्या दिव्यातून हेडलाईटच्या बंद असलेल्या तारेतून चोरवाटेने जमीन शोधतो. डबीचाही पाया वर उचलला जातो, आणि ती बिचारी त्या उचललेल्या पायावर आपले १० व्होल्ट रचते. काट्यांना मिळतात १२-१३. डबी बदलून उपयोग नव्हताच.

दुसरा: सगळं विझतं. मीटरकडे येणाऱ्या करंटच्या वाटेत कुठे तरी ढिलाई.

१५ सप्टेंबर, रविवार

पहिल्याचा पुरावा. मल्टिमीटरची काळी तार लांब करून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल टोक मीटरच्या कपलरमधल्या (वायरी जोडायच्या प्लगमधल्या) काळ्या वायरला, मागून टाचणी खुपसून. दोन्ही टोकं जमिनीचीच, म्हणजे उत्तर शून्याच्या जवळ हवं. एक-दोन दशांश चालून जातात.

नुसती चावी: ०.४
साईड लाईट: १.७
साईड लाईट, वरचा झोत आणि इंडिकेटर: २.२ ते २.६, इंडिकेटरच्या तालावर हलतंय.

नववीला दरवर्षी ओहमचा नियम शिकवतो. विभवांतर, रोध, धारा, फळ्यावर त्रिकोण. पोरं पाठ करतात, मीही पाठच केलेला दिसतोय. चाचा शाळेत फार गेलेले नाहीत, पण निळ्या दिव्याचं नुसतं वर्णन ऐकून ताटावरून "अर्थ खातोय" म्हणाले. २.६ व्होल्ट खातोय.

खात्रीसाठी दोन मीटर लांब वायरीला मगरचिमटे लावले. एक टोक त्या टाचणीला, दुसरं दरवाजाच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला. निळा दिवा तत्क्षणी गेला. डिझेलचा काटा फुलवरून निघाला तो घाई न करता, पाऊण, थोडा थांबून त्याखाली, आणि मिनिटभराने अर्ध्यावर येऊन बसला. मी आणि मुलगी दोघंही काहीही न बोलता बघत होतो.

ही वायर अशीच कायमची ठेवता आली असती. आप्पांचं मत तेच. पण मूळ वायर कुठे कुजली आहे ते न बघता सोडवेना. ती जिथे बांधलीय त्या बोल्टवर आणखी काय काय बांधलेलं असेल कोण जाणे.

२२ सप्टेंबर, रविवार

काळी वायर डॅशबोर्डखालून उजवीकडे, ॲक्सिलरेटरच्या बाजूच्या पॅनेलमागे उतरते. तीन स्क्रू, त्यातला एक गंजून पत्र्याशी एकजीव. पॅनेल सुटलं आणि मांडीवर माती पडली.

बारीक, करडी, मैद्यासारखी. पापडी धरलेली. तिच्यात आंब्याचं एक पान, नुसत्या शिरा उरलेलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा जीप अंगणात होती. सीटपर्यंत पाणी. पुढचे महिने गाडीचं काय काय केलं ते आठवतं: इंजिनाचं ऑईल, गिअरचं ऑईल, सीटा उन्हात, कार्पेट उकिरड्यावर. मीटरला पाणी लागलं नव्हतं, म्हणून पुराचा संशय मीटरवर कधी आलाच नाही. पण मीटर वर असलं तरी त्याची अर्थ इथे पावलाशी येऊन बांधलेली. ती दीड दिवस गाळात होती.

एकच बोल्ट, दहाच्या पान्याचा. त्याखाली चार थिंबलं (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या) एकावर एक, चारही हिरवी-पांढरी. सोडवली, पॉलिश पेपरने घासली, पत्राही चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर नवा, वरून पेट्रोलियम जेली. रीडिंग, सगळे दिवे लावून: ०.०८.

पहिला बिघाड संपला असं इथे ठळक लिहून ठेवतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

वरचं वाक्य खोडत नाही, लाज म्हणून राहू दे. काल रात्री काटे पुन्हा अर्ध्याच्या वर सरकले. फार नाही, पण सरकले.

आज पुन्हा टाचणी. ०.०८. पॅनेलमागे हात घालून काळी वायर जरा ओढली: ०.९. सोडली: ०.१. बोल्ट घट्ट आहे, थिंबल चकचकीत आहे, आणि दोष थिंबलाच्या गळ्यात आहे, जिथे वायर दाबून बसवतात. मी बाहेरून घासलं. आत पूर तसाच होता.

थिंबल कापलं. तांबं काळं. इंचभर सोललं, काळं. आणखी एक इंच, काळं. रबराच्या आत पाणी वातीसारखं वर चढलेलं. चौथ्या इंचाला लखलखीत तांबं लागलं. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, नुसता गोळा होऊन ओघळतो, म्हणून तेवढा भाग सरळ छाटून नवी वायर जोडली, नवं थिंबल, वर आक्रसणारी नळी. बाकीच्या तीन वायरींचंही तेच केलं, कारण तिघी एकाच पाण्यात होत्या.

०.०३. ओढून, हलवून, पिळून: ०.०३. यावेळी ठळक लिहीत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. आता दुसरा बिघाड. हा माणसासमोर येत नाही, त्यामुळे त्याच्यावर पहारा ठेवावा लागणार.

दोन छोटे बल्ब घेतले. एक मीटरकडे येणाऱ्या करंटच्या वायरीला, कपलरच्या अलीकडे. दुसरा कपलरच्या पलीकडे, डबीच्या ज्या टोकाला करंट येतो तिथे. दोघांच्या अर्थ वेगळ्या, थेट पत्र्याला. बल्ब चिकटपट्टीने डॅशबोर्डवर: डावा अलीकडचा, उजवा पलीकडचा. मुलीला शेजारी बसवून वही दिली आणि पोफळीच्या दिशेने निघालो. रस्त्याचे खड्डे आज प्रथमच उपयोगी पडणार होते.

बराच वेळ काही नाही. गाडी शिष्टासारखी. अलोरेच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि मीटर विझलं.

"डावा चालू, उजवा बंद!" ती ओरडली. मग शांतपणे लिहूनही घेतलं, वेळेसकट. घरी येईपर्यंत चार वेळा. चारही वेळा डावा चालू, उजवा बंद.

फ्यूज, चावी, इथपर्यंतची सगळी वायरिंग निर्दोष सुटली. दोष कपलर आणि मीटरची पाठ यांच्या बोटभर अंतरात.

६ ऑक्टोबर, रविवार

मीटर बाहेर. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं. पुढची प्लॅस्टिकची चौकट काढताना एक खिटी मोडली. पंचवीस वर्षांचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालंय. चार स्क्रू, मग डॅशबोर्डखालून हात घालून स्पीडोमीटरच्या केबलचा नट. तो डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो, आणि तोवर मनगटाची साल जाते.

मीटरच्या पाठीवर वायरी नाहीत. पारदर्शक प्लॅस्टिकची एक पातळ फिल्म असते, तिच्यात तांब्याच्या पट्ट्या. बल्बांचे होल्डर, काट्यांचे स्क्रू, डबी, सगळं त्या पट्ट्यांना टेकून करंट घेतं. एका टोकाला ही फिल्म प्लॅस्टिकच्या जिभेवर गुंडाळलेली, त्या जिभेवर कपलर बसतो.

भिंगातून बघितलं. करंट येतो त्या पिनेखालची पट्टी फिल्मपासून सुटून केसाएवढी उचललेली, आणि कडेला आडवी चीर. थंड असताना, किंवा धक्का बसला की, चीर उघडते. वरून थाप मारली की मिटते. आप्पांची थाप म्हणजे अगदी नेमका उपचार होता, फक्त त्याचा असर पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकायचा.

त्या चिरेवर सोल्डर घालायचा मोह झाला. कडेच्या निकामी तुकड्यावर आधी करून बघितलं: २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननेही तीन सेकंदांत फिल्म गोळा झाली. मग दुसरी वाट. कपलरमधून ती एक वायर काढून घेतली, तिला वेगळी वायर जोडून थेट डबीच्या करंट घेणाऱ्या स्क्रूवर नटाखाली बांधली. तो स्क्रू त्याच पट्टीवर आहे, त्यामुळे करंट आता पट्टीत दुसऱ्या टोकाने शिरतो आणि दिव्यांनाही पोचतो. फिल्मला हात लावावा लागला नाही. जाता जाता पाठीवरचे सगळे पितळी नट अर्धा-अर्धा फेरा आवळले, दोन तर बोटानेच फिरत होते.

चाचांना फोटो दाखवला. मोबाईल लांब धरून बघितला, म्हणाले, "वायर रंगाची घ्यायची होती. काळी घातलीत. उद्या दुसरा कोणी उघडेल, त्याला वाटेल अर्थ आहे, आणि तो तिला बॉडीला लावेल." बरोबर आहे. परत उघडलं, लाल वायर घातली. मनगटाची दुसरी बाजू गेली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

झेंडूचा हार, नारळ. मुलीने मल्टिमीटरलाही हळदकुंकू लावलं. मीटर सहा दिवस न विझता.

१० नोव्हेंबर, रविवार

नूतनीकरणाची तपासणी या आठवड्यात झाली. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, सगळं एका दमात. मीटरकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही, ते आमच्या पथ्यावर.

काल मुद्दाम काटा पाववर येऊ दिला आणि टाकी भरली. ५५ लिटरच्या टाकीत ४१ लिटर मावलं. काटा खरं बोलतोय. त्यामुळे आप्पांची मात्र पंचाईत झाली. तीन वर्षं रात्री काटा फुगवून दाखवायचा, म्हणून त्यांनी "अर्धा दिसला की भरायचं" असा नियम केला होता. आता अर्धा म्हणजे अर्धा, हे त्यांना पटत नाही. पंपावरून निघताना काटा फुलवर होता, सगळे दिवे जागेवर. त्यांनी तरी मीटरवर एक थाप मारलीच, आणि काही हललं नाही तेव्हा माझ्याकडे संशयाने पाहिलं.

बाकी: चौकटीची मोडलेली खिटी. सध्या सुतळी बांधलीय.